पडद्याआडचं ‘होय’

अपील जिंकलं तर वैजयंती मगदूमच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघू. एक नवरा, सव्वा वर्ष जेलचं जेवण जेवलेला, पण मूळचा धडधाकट. त्याच्याशी समोरासमोर भांडायचा हक्क, जो काचेपलीकडच्या माणसावर नीट बजावता येत नाही. लग्नकार्यात शिरल्यावर बायकांचे आवाज एकदम खाली न येणं. मुलीच्या शाळेत ‘वडील काय करतात’ याला एका शब्दात देता येईल असं उत्तर. नणंदेच्या गाडीची वाट न बघता नाशिकला माहेरी जाणं, आणि माहेरी पोचल्यावर आईनं “जेवतेस ना गं वेळेवर?” असं डोळ्यांत पाणी आणून न विचारणं. एवढा सगळा माल एका निकालावर अडकला होता आणि निकाल जवळजवळ हातात आला होता.

नेमक्या त्या वेळी त्या माणसानं अपील मागे घ्यायचा अर्ज केला.

हायकोर्टानं अपील फेटाळलं असतं तर वैजयंती रडली असती. वकिलानं घोळ घातला असता तर तिनं वकिलाला फैलावर घेतलं असतं. पण इथे कुणावर ओरडायचं? अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, ‘अपीलकर्ता हे अपील स्वेच्छेने मागे घेत आहे.’

“स्वेच्छा म्हणे!” ती वकिलांच्या कचेरीत उभ्या उभ्या म्हणाली. “बारा वर्षांत या माणसानं स्वेच्छेनं कधी कोथिंबिरीची जुडी आणली नाही. सांगितल्याशिवाय पंखा बंद केला नाही. आणि आता एकदम स्वेच्छा?”

ॲडव्होकेट देवस्थळी मुंबईहून खास या अपिलासाठी कोल्हापूरला यायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मॅडम, मी तीस वर्षं वकिली करतोय. हरलेलं अपील मागे घेणारे पाहिलेत. जिंकलेलं अपील मागे घेणारा हा पहिलाच.”

प्रकरण असं होतं. कागलच्या औद्योगिक वसाहतीत ‘हिरण्यकेशी आइस्क्रीम’ नावाचा कारखाना आहे. मालकीण राजश्री मगदूम, म्हणजे वैजयंतीची थोरली नणंद. गावभर तिला आक्का म्हणतात. तिचा धाकटा भाऊ धैर्यशील, म्हणजे वैजयंतीचा नवरा, तिथला सुपरवायझर. अशा कारखान्यांत थंडाव्यासाठी अमोनिया वायू खेळवलेला असतो. तो गळायला लागला की भोंगा वाजतो आणि माणसं बाहेर पळतात. हिरण्यकेशीच्या भोंग्याला एक खोड होती. फरशी धुताना फिनेलच्या वासानंही तो बोंबलायचा. मग इतर कारखाने करतात तेच इथेही व्हायचं : धुताना भोंगा बंद, धुवून झाल्यावर चालू.

एके दिवशी तो चालू झाला नाही. दुपारी कॉम्प्रेसरच्या खोलीत व्हॉल्व्ह गळत होता. दस्तगीर मुजावर नावाचा जुना कामगार नेहमीसारखा आत गेला. भोंगा वाजला नाही, दस्तगीर बाहेर आला नाही.

भोंग्याच्या पेटीची किल्ली धैर्यशीलकडे असायची. पोलिसांना त्यानं जबाब दिला, ‘भोंगा बंद पडला होता. तिथे मी आणि दस्तगीर दोघंच होतो.’ तपासात निघालं की तो पडला नव्हता, कुणीतरी केला होता. कोर्टानं धैर्यशीलला दोन गुन्ह्यांत दोषी धरलं : हलगर्जीपणानं मृत्यू आणि पोलिसांना खोटी माहिती. पाच वर्षं.

वैजयंतीनं त्याला तेव्हा शंभर वेळा विचारलं होतं.

“भोंगा कुणी बंद केला?”

“बंद झाला.”

“झाला म्हणजे? आपोआप?”

“झाला गं.”

मराठीतली ही सोय संसारी माणसांना चांगली माहीत असते. बशी फुटते, दूध उतू जातं, फोन लावायचा राहतो. करणारा कुणी नसतोच. वैजयंतीनं दात-ओठ खाल्ले, मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने मोडले आणि अपील केलं. अपिलात तिचा सगळा भरवसा होता एका यंत्रावर.

त्या यंत्राचं सरकारी नाव कंपवाचक. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. आपण बोलतो तेव्हा हवा हलते आणि ती हवा समोरच्या वस्तूला ढकलते. पाण्याची बाटली, झाडाचं पान, वेफर्सची पिशवी, सगळं आपल्या बोलण्याबरोबर थरथरत असतं. इतकं कमी, की केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही नाही. डोळ्याला ते दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र वस्तूच्या कडेचा रंग कणभर फिका-गडद होताना दिसतो. त्यात साधा कॅमेरा अख्खं चित्र एका दमात टिपत नाही. वरून खाली ओळीओळीनं वाचत येतो. म्हणजे एकेका चित्रात शेकडो क्षण चळतीसारखे रचून ठेवलेले असतात. ती चळत सोडवायची, प्रत्येक ओळीतली थरथर मोजायची आणि ध्वनिवर्धकाला द्यायची. मुक्या चित्रफितीला वाचा फुटते.

प्रयोगशाळेत हे पूर्वीच जमलं होतं. आता ते किराणा दुकानातल्या जाळं धरलेल्या कॅमेऱ्यावरही जमायला लागलं आणि माणसांची पंचाईत झाली. पुढाऱ्यांच्या बैठकीतून आधी पाण्याच्या बाटल्या गेल्या, मग फुलदाण्या, मग खिडकीतलं मनीप्लांट. दुकानदारांनी दारात लटकवलेल्या वेफर्सच्या माळा काढल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर इतकी वर्षं बंदी होती, ती पहिल्यांदाच पाळली जाऊ लागली. पर्यावरणाच्या प्रेमापायी नव्हे. नवरा-बायको मिक्सर चालू करून भांडू लागले.

यंत्राची एकच मर्यादा होती. आवाज निघायचा तो बोलणाऱ्याचा नसायचा, थरथरणाऱ्या वस्तूचा असायचा. शब्द कळायचे, चढउतार कळायचे, थांबे कळायचे. पण पानासमोर बोललेली सगळी माणसं पानाच्या आवाजात बोलायची आणि बाटलीसमोरची बाटलीच्या. बाई की पुरुष, म्हातारं की तरणं, काही कळायचं नाही.

हिरण्यकेशीत एक कॅमेरा होता. बॉक्सांची चोरी होऊ नये म्हणून तो शीतगृहाच्या दाराकडे रोखलेला, आणि त्या दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. पडद्याआड काही सावल्या हलताना दिसायच्या. दोन की तीन, छातीठोक सांगता येत नव्हतं. देवस्थळींनी अर्ज केला, कोर्टानं परवानगी दिली, पुण्याच्या प्रयोगशाळेनं दोन महिने खपून पडदा बोलता केला.

तो ऐकवायला दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. वैजयंती होती, देवस्थळी होते आणि पीडित पक्ष म्हणून दस्तगीरची बायको शमशाद होती. पुण्याहून आलेल्या मुलीनं बटण दाबलं. ओला कपडा झटकावा तशा आवाजात पडदा बोलला :

“डोकं उठलं ह्या भोंग्यानं.”

“थांब, मी बंद करतो. फरशी झाली की चालू कर.”

मग थोडी खरखर, आणि : “होय.”

संपलं.

शमशादनं पदर नीट केला. “ह्यात आमचं माणूस कंचं?”

“ते नाही सांगता येत हो,” मुलगी म्हणाली. “आवाज पडद्याचा असतो.”

“परत लावा.” तिनं तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ‘होय’ आलं तशी तिनं मान हलवली. “हे. हे आमचं. कवाबी काय सांगितलं की होयच म्हणायचं. नाही म्हणून म्हाईतच नव्हतं.” मग संकोचून म्हणाली, “तेवढं होय माझ्या मोबाइलवर देता का?”

पीडित पक्षाला प्रत मिळायचा हक्क होताच. मुलीनं ती दिली.

अहवाल मात्र वाईट होता. ‘मी बंद करतो’ या वाक्यापुढे प्रयोगशाळेनं लिहिलं होतं : वक्ता पुरुष, क्रियापदाच्या रूपावरून. देवस्थळींचा चेहरा पडला. “मॅडम, हे तर आपल्यावरच उलटलं. बोलणारा पुरुष, किल्ली तुमच्या मिस्टरांकडे. दुसरा पुरुष मयत. आता काय राहिलं?”

तेवढ्यात शमशाद दारापाशी वळली. “चला वैनी, येतो मी. पोरीला क्लासला सोडतो आणि मग कामावर जातो.”

वैजयंतीनं आधी नुसतंच “या” म्हटलं. मग ती जागच्या जागी खिळली.

येतो. सोडतो. जातो.

“देवस्थळी साहेब,” ती म्हणाली, “ती आत्ता काय म्हणाली?”

“कोण? जाते म्हणाली.”

“जाते नाही म्हणाली. जातो म्हणाली! अहो, हे कोल्हापूर आहे. इथल्या बायका मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच बोलतात. मी नाशिकची. मी ‘करते’ म्हणते म्हणून बारा वर्षं माझी टर उडवतात हे लोक. सासूबाई तर पाहुणे आले की मुद्दाम मला बोलायला लावायच्या; आमची सून कशी नाजूक बोलती ऐका म्हणून. तुमच्या पुण्याच्या पोरीला काय कळणार!”

देवस्थळी खुर्चीत सरळ झाले. “म्हणजे भोंगा बंद करणारी बाई असू शकते.”

“बाई एकच. आक्का.”

वकील माणसाचं डोकं एकदा चालायला लागलं की कुणासाठी थांबत नाही. देवस्थळी बोटांवर मोजत बोलू लागले. “भोंगा बंद केला तुमच्या नणंदेनं. पण त्यांनी लगेच सांगितलं, चालू कर. म्हणजे त्यांनी काळजी घेतली, दंडावर भागेल. ‘होय’ कोण म्हणालं? मयत. त्याची बायकोच म्हणते! चालू करायची जबाबदारी मयतानं पत्करली आणि पाळली नाही. तुमचे मिस्टर कुठेच नाहीत. बहिणीला वाचवायला खोटा जबाब दिला, एवढंच उरतं आणि त्याची शिक्षा भोगून झाली आहे. निर्दोष!”

“आणि शमशादला नवऱ्यामागे मिळतं ते पेन्शन? ते चालूच राहणार ना?”

“कामगाराची स्वतःचीच चूक ठरली तर विमावाले थांबवतात. पण तो विम्याचा प्रश्न, मॅडम. आपला नाही.”

सौदा मोठा देखणा होता. जिवंत माणसं सगळीच्या सगळी सुटत होती. भरायला एकच जण उरत होता आणि तो तक्रार करायला येणार नव्हता. वैजयंतीला पेन्शनचं ऐकून कुठेतरी टोचलं, नाही असं नाही. पण आनंदात असलेल्या माणसाला टोचणी फार वेळ टिकत नाही. ती त्याच आठवड्यात जेलात गेली, काचेला नाक लावून नवऱ्याला सगळं सांगितलं, वर म्हणाली, “बघ, माझं ‘करते’ शेवटी तुझ्या कामाला आलं.”

धैर्यशीलनं नेहमीसारखा आधी एक श्वास जाऊ दिला, मग म्हणाला, “बरं.”

आणि आठ दिवसांनी तो अर्ज.

वैजयंतीनं तर्क केला : आक्का. भाऊ बहिणीसाठी जीव टाकतोय. ती तडक कारखान्यात गेली. आक्का आइस्क्रीमच्या कोनाच्या नव्या साच्यापाशी उभी राहून मिस्त्रीला झापत होती.

“आक्का, केबिनमध्ये या. मिक्सर आहे का तिथे?”

“मिक्सर कशाला? ज्यूस पितीस काय?” वैजयंतीचा चेहरा बघून आक्का मुकाट्यानं आत आली. दार लावलं.

“भोंगा तुम्ही बंद केला होता.”

आक्कानं खुर्ची ओढली, पण बसली नाही. “व्हय. त्याच्याकडनं किल्ली घेऊन मी केला. तुला धैर्यानं सांगितलं?”

“तो कशाला सांगतोय? पडद्यानं सांगितलं. आक्का, सव्वा वर्ष! सव्वा वर्ष मी तुमच्याबरोबर एका ताटात जेवतेय!”

“अगं, मी त्या दिवशीच निघालो होतो पोलिसांत. त्यानंच हात धरला. म्हणाला, तू आत गेलीस तर कारखान्याला कुलूप लागंल, ही चाळीस घरं कुठं जातील? मी दोन-तीन म्हैने काढतो, अपिलात सुटतो.” आक्काचा आवाज नेहमीसारखा खणखणीत निघेना. “मी लई मोठी चूक केली वैजू. कारखाना बघितला, भाऊ नाही बघितला. पर आता अर्ज माझ्यासाठी नाही बघ. परवाच मी त्याला सांगून आलो, मी कोर्टात उभी राहतो, सगळं बोलतो. तर माझ्यावरच वराडला. म्हणाला, तू तोंड उघडलंस तर तुझं-माझं संपलं.”

“का पण?”

“मला काय म्हाईत! तुझा नवरा हाय.”

“तुमचा भाऊ आहे! आधी तुमचा आहे!”

त्या माणसाला जास्त कोण ओळखतं याचा वाद इतर वेळी दोघींनी जिंकायचा प्रयत्न केला असता. आज दोघी हरायला तयार होत्या.

“आक्का, ‘होय’ कोण म्हणालं होतं?”

आक्कानं बराच वेळ विचार केला. खोटं बोलायची तयारी करणारी माणसं इतका वेळ घेत नाहीत. “पडद्याआडनं आलं. मी पाठ फिरवून चाललो होतो. दोघं बी तिथंच होते. मी बघितलं नाही गं.”

पुढच्या भेटीला वैजयंती काचेसमोर बसली ती बोलायची तयारी करून. पण आधी धैर्यशीलनं खूण केली. त्याच्या बाजूच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटांचा रिकामा पुडा टाकला होता आणि वर कोपऱ्यात कॅमेरा होता. त्यानं पुडा उचलला, चुरगाळून मुठीत घट्ट धरला, तोंडाला फोन लावला आणि आवाज बारीक केला.

“ते होय माझं होतं.”

वैजयंती बोलायला तयार करून आणलेलं सगळं विसरली.

“आक्का म्हणाली चालू कर. मी होय म्हटलं. दस्तगीर तर खाली बसून जाळी घासत होता. तेवढ्यात कोनाच्या बॉक्सांचा टेम्पो आला. मी माल उतरवून घ्यायला गेलो. विसरलो. बंद कुणी केला हे कोर्टात सव्वा वर्ष चाललंय वैजू. चालू कुणी केला नाही, हे कुणी विचारलंच नाही.”

“मग सांग ना तसं! कोर्टात सांग की ते होय माझं होतं.”

“सांगितलं तर शिक्षा हीच राहणार. वर आक्का अडकणार. नाही सांगितलं आणि अपील चालू ठेवलं तर देवस्थळी ते होय दस्तगीरच्या तोंडात कोंबणार. ज्यानं कधी एक काम विसरून ठेवलं नाही त्याच्या नावावर माझा विसरभोळेपणा चढणार आणि शमशादभाभीच्या घरातलं पेन्शन बंद. म्हणून मागे घेतलं. सगळं आहे तिथं राहतंय. मी हिशेब केलाय नीट.”

“हिशेब केलास?” वैजयंतीचा आवाज वर गेला, पलीकडच्या खुर्चीवरची म्हातारी वळून बघायला लागली. “वा! आक्का धरलीस, शमशाद धरलीस, मेलेला माणूससुद्धा धरलास. त्यात मी कुठे आहे रे? तुझी मुलगी कुठे आहे?”

धैर्यशीलनं खरोखरच गोंधळून तिच्याकडे बघितलं. “तू तर माझ्यातच धरलीयस.”

बायकोला याहून प्रेमाचं आणि याहून संतापजनक वाक्य नवऱ्याला सुचणं कठीण. फोन ठेवताना वैजयंतीनं तो इतका आपटला की शिपाई धावत आला.

चांगुलपणाचा एक त्रास असा की तो ज्याचा असतो तोच त्याचं समाधान घेऊन बसतो आणि घरातली बाकीची माणसं त्याची धुणी धुतात. वैजयंतीनं दोन दिवस विचार केला. मेलेल्या माणसाला आता काय व्हायचं राहिलंय? पेन्शन बंद झालं तर आक्का शमशादला तेवढं देईल, लिहून देईल, मुलीचं शिक्षण करेल. मग कुणाचं काय बिघडलं? धैर्यशीलला पटत नसेल तर शमशादकडून पटवू. तिनंच सांगितलं की माझी हरकत नाही, तर तो अर्ज परत घेईल. सुनावणी सोमवारी होती. शनिवारी संध्याकाळी वैजयंती शमशादच्या दारात उभी राहिली. कसं बोलायचं ते तिनं रिक्षात दोनदा घोकलं होतं.

“या वैनी, या. बसा.” शमशादनं खुर्चीवरचे कपडे उचलले. “च्या टाकतो.”

“चहा नको भाभी. मला एक विचारायचं होतं.”

“विचारा की. आधी हे ऐका, मग विचारा.” शमशादनं ओट्यावरचा मोबाइल हातात घेतला. तिच्या चेहऱ्यावर एखादी नवीन वस्तू दाखवणाऱ्या बाईचा भाव होता. “त्यांचा एक बी आवाज नव्हता आमच्याकडं. फोटो रग्गड. पर व्हिडिओ काढायचा म्हटलं की पळून जायचं माणूस. आता बघा.” तिनं मोबाइलला विचारल्यासारखं म्हटलं, “अवो, सिलिंडर बंद केला न्हवं?”

आणि बोट टेकवलं.

पुण्याच्या मुलीनं तो तुकडा थोडा आधीपासून कापला होता. म्हणून आधी नुसती खरखर. एक श्वास जाईल एवढी. मग पडदा म्हणाला : “होय.”

शमशाद हसली. “रोज विचारतो मी काय ना काय. पोरगी म्हणती, अम्मा येडी झालीस. पर बरं वाटतं.”

वैजयंती त्या खरखरीपाशीच अडकली होती. आवाज पडद्याचा होता, शब्द कुणाचाही असू शकला असता. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यातला तो थांबा! लग्नाला होकार विचारला तेव्हा तेवढाच थांबा होता. “आज लवकर येशील?” याला तेवढाच. बारा वर्षं ती त्या थांब्यात उभी राहून चिडत आली होती. यंत्राला माणूस ओळखता आला नव्हता; तिला हजार पडद्यांआडून आला असता.

“काय विचारायचं होतं वैनी?”

वैजयंतीनं मोबाइलकडे बघितलं. तिच्या नवऱ्याचा विसरलेला शब्द दुसऱ्या बाईच्या ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून उभा होता आणि घरात माणूस असल्यासारखं करत होता.

“काही नाही,” ती म्हणाली. “चहाच टाका. साखर कमी.”

सोमवारी कोर्टात गर्दी नव्हती. न्यायमूर्ती बाई विदर्भातल्या होत्या; इथल्या बायकांचं ‘मी करतो’ त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मोठ्या पडद्यावर जेलातून धैर्यशील दिसत होता; दाढी केलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला. मागच्या बाकावर आक्का हाताची घडी घालून बसली होती. देवस्थळींनी अर्ज वाचला तो स्वतःविरुद्धच्या तक्रारीचं पत्र वाचावं तसा.

न्यायमूर्तींनी विचारलं, “अपील मागे घेतलं की दोन्ही गुन्ह्यांतली शिक्षा कायम होते. पुन्हा अपील करता येणार नाही. हे समजलंय?”

“होय.”

“कुणाचा दबाव? घरच्यांचा, कारखान्याचा?”

“नाही.”

“काही आमिष? कुणी काही देऊ केलंय?”

“नाही मॅडम.”

“तुमच्या वकिलांचं म्हणणं आहे की नवा पुरावा तुमच्या बाजूनं लावता येतो. तरी मागे घेताय. स्वेच्छेनं?”

पुन्हा तोच थांबा. कोर्टात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नाही.

“होय.”

न्यायमूर्तींचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी समोर बघितलं. “पत्नी हजर आहेत का?”

वैजयंती उभी राहिली. मागे आक्काच्या बाकाची लाकडं करकरली. तीही अर्धी उठली होती, बोलायला तयार.

“तुम्हाला काही सांगायचंय?”

तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. क्रियापदाच्या रूपावरून पुरुष ठरवणाऱ्या प्रयोगशाळेबद्दल होतं, चाळीस घरांबद्दल होतं, टेम्पोबद्दल होतं. एक वाक्य बोललं असतं तरी अर्ज थांबला असता आणि देवस्थळींनी पुढचं सगळं खेचून नेलं असतं. तिचा नवरा पडद्यावरून तिच्याकडे बघत होता. विनवत नव्हता, घाबरलेला नव्हता. तिला आपल्यातच धरून निवांत बसला होता. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“मॅडम, हा माणूस मूर्ख आहे,” ती म्हणाली. “एवढं लिहून घ्या.”

टंकलेखकानं मान वर केली. न्यायमूर्तींच्या ओठांची कड हलली. “ते लिहिता येणार नाही. अर्जाला तुमची हरकत आहे का, एवढंच सांगा.”

वैजयंतीनं मागे वळून आक्काकडे बघितलं आणि हातानंच सांगितलं : बसा.

“नाही,” ती म्हणाली. “हरकत नाही.”

अपील मागे घेतलं म्हणून निकाली निघालं. कुणी काय भरलं ते आता मांडायला हरकत नाही. दस्तगीर मुजावरनं सगळ्यात आधी भरलं आणि सगळंच भरलं. शमशादनं नवरा दिला. पेन्शन राहिलं आणि एक ‘होय’ राहिलं. धैर्यशीलच्या वाट्याला उरलेली पावणेचार वर्षं आली, आणि ती तो शांत झोप घेत काढतोय असं जेलर सांगतो. आक्कानं कारखान्यात नवा भोंगा बसवला, त्याला बंद करायचं बटणच ठेवलं नाही. फरशी धुताना तो अर्धा तास वसाहतभर बोंबलतो आणि ती तेवढा वेळ मुद्दाम त्याच्याखाली उभी असते. देवस्थळींची फी आधीच पोचली होती. प्रयोगशाळेचं काही गेलं नाही. उलट तो अहवाल निर्विवाद म्हणून यंत्राच्या शिकवणीत नमुना झाला आणि तेव्हापासून कोल्हापूरच्या कितीतरी बायका सरकारदप्तरी पुरुष म्हणून बोलतात.

राहिली वैजयंती. तिनं भोंगा बंद केला नव्हता, चालू करायला विसरली नव्हती, ‘होय’ म्हणाली नव्हती, खोटा जबाब दिला नव्हता. ती एकदाच ‘नाही’ म्हणाली. त्याची पावणेचार वर्षं तिला आणि तिच्या मुलीला पडली, आणि ती कुठल्याच कोर्टानं सुनावलेली नसल्यामुळे त्यांवर अपीलही नाही.